लेथवर रायफल चढवू नका

वाचकाचं पत्र

आदरणीय वकीलताई,

मी कागल तालुक्यातला शेतकरी. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या नावावर .२२ बोअरची जुनी बोल्ट ॲक्शन (प्रत्येक गोळीला बोल्ट हातानं मागंपुढं ओढायची) रायफल होती, ती वारसाहक्कानं रीतसर माझ्या परवान्यावर चढली. माझा भाचा अमेरिकेत डॅलसला नोकरीला आहे. त्यानं तिकडं एआर-१५ जातीची सेमी-ऑटोमॅटिक (चाप दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरते) रायफल घेतलीय आणि दर महिन्याला तिला काहीतरी नवीन बसवतो. कधी चाप, कधी दस्ता, कधी दुर्बीण. व्हिडिओ बघून मलाही वाटायला लागलं, की वडिलांची रायफल आपणही अशी सजवावी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शाळेतला मित्र आहे, त्याचं स्वतःचं वर्कशॉप. तो म्हणतो, "नळी आण, पुढं आटे पाडून देतो. सेमी-ऑटो करता येतंय का तेही बघतो. चाळीस हजारांत सगळं बसवू. कुणाला काय कळतंय?" भाचा दिवाळीला येतोय. चाप आणि नळीच्या तोंडाला लावायचा, ज्वाळा कमी करणारा फ्लॅश हायडर तो बॅगेतून आणतो म्हणालाय. दस्त्यावर वडिलांचं नाव कोरायचंही मनात आहे. खर्च किती धरावा आणि यातलं कायद्यात काय बसतं?

– एक वाचक

उत्तर

दादा,

नळी अजून मित्राच्या हातात दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर काम सुरू व्हायच्या आत परत आणा आणि कागदपत्रं घेऊन एखाद्या फौजदारी वकिलाला समक्ष भेटा. तेवढं काम सदरातून होत नाही. बाकीचं सांगते.

तुम्ही खर्च विचारलाय, म्हणून आधी तेच. चाळीस हजारांत तुमचा मित्र जे करून देतो म्हणतोय, त्याला शस्त्र कायद्यात कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. २०१९ च्या दुरुस्तीआधी हीच शिक्षा तीन ते सात वर्षं होती. म्हणजे जिथं पूर्वीची शिक्षा संपायची, तिथून आता सुरू होते. आणि ती करणाऱ्या एकट्यालाच आहे असं समजू नका, करवून घेणाराही त्यात ओढला जातो.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ५ बघा. परवान्याशिवाय कुणी हत्यार बनवायचं नाही, विकायचं नाही, त्यात बदल करायचा नाही, हे कुणालाही पटेल. पण त्याच ओळीत 'दुरुस्ती' हाही शब्द आहे. तुमचा परवाना रायफल बाळगायचा आहे. तुमच्या मित्राकडं कसलाच नाही. उद्यमनगरातल्या माणसाला हे खरंच वाटत नाही, आणि त्याचं मला नवल नाही. ज्या गावात इंजिनाचा कुठलाही पार्ट नमुना बघून दुसऱ्या दिवशी तयार मिळतो, तिथं लोखंडाची नळी ती काय मोठी! पण लेथला जी नळी दिसते ती कायद्याला बंदूक दिसते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडं एक टर्नर आला होता. पस्तिशीचा, स्वतःचं छोटं शेड, एक जुना लेथ, हाताखाली एक पोरगा. ओळखीच्या माणसानं एक 'पाइप' आणला आणि टोकाला आटे पाडून मागितले. यानं चकमध्ये धरला, पाडून दिले, तीनशे रुपये घेतले. पाइप आतून पिळदार आहे, म्हणजे बंदुकीची नळी आहे, हे त्याला दिसलं होतं, त्यानं विचारलं नाही. पुढं ते हत्यार दुसऱ्याच प्रकरणात सापडलं आणि आणणाऱ्यानं पहिलं नाव याचं सांगितलं. माझ्या टेबलासमोर बसला तेव्हा त्याच्या नखांत काळं तेल होतं आणि बोलताना तो उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवत होता, आटा चाचपून बघतात तसं. "मॅडम, मी फक्त आटे पाडले," एवढंच पुन्हा पुन्हा. जामीन व्हायला अडीच महिने गेले. तोवर लेथवर ताडपत्री आणि बँकेचा हप्ता थकलेला. तुमचं पत्र वाचताना मला तुमच्याआधी तुमच्या मित्राची काळजी वाटली ती यामुळं. तुमच्याकडं निदान परवाना आहे.

आता 'सेमी-ऑटो करता येतंय का बघतो' या वाक्याकडं येते, कारण पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य तेच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत हत्यारांचे वर्ग पाडलेत. तुमची .२२ बोल्ट ॲक्शन तिसऱ्या वर्गात येते, तिथले परवाने जिल्ह्याच्या पातळीवर होतात. सेमी-ऑटोमॅटिक रायफली पहिल्या वर्गात आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयात साधा अर्ज करून तुम्हाआम्हाला मिळणारं हत्यार ते नव्हे. पूर्वी कलम ६ मध्ये नळी आखूड करणं आणि नकली बंदुकीची खरी करणं एवढंच होतं. २०१९ मध्ये त्यात भर पडली: एका वर्गातलं हत्यार दुसऱ्या वर्गात नेणं. तुमचा मित्र जे 'बघतो' म्हणतोय ते शब्दशः हेच आहे. तो यशस्वी झाला, तर तुमच्या कपाटात अशी रायफल असेल जिचा परवाना तुमच्याकडं नाही. परवान्यावर लिहिलेली रायफल मग जगात उरलेलीच नसेल.

आणि असं काम बिघडलं, चाप दाबून धरला की गोळ्या आपोआप सुटत राहिल्या, तर ते हत्यार कायद्याच्या व्याख्येप्रमाणं 'प्रतिबंधित शस्त्र' होतं. ते नुसतं बाळगल्याला सात ते चौदा वर्षं. 'आम्हाला तसं करायचं नव्हतं, बिघाड झाला' हे न्यायालयात पटवत बसायची वेळ तुमच्यावर यावी असं मला वाटत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मित्राला त्याच्याच भाषेत सांगा. .२२ लाँग रायफलचं काडतूस किती लहान, शेंगदाण्याएवढी तर गोळी. पण ते फुटताना नळीच्या मुळाशी दाब चोवीस हजार पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला तेवढे पौंड) जाऊ शकतो. कारच्या टायरात बत्तीस-तेहतीस असतो. तो दाब धरून ठेवणारा बोल्ट तुमच्या डोळ्यापासून चार बोटांवर असतो. कारखान्यात बनलेली रायफल विक्रीआधी जास्त दाबाच्या काडतुसानं तपासून तिच्यावर शिक्का मारतात. शेडमध्ये केलेल्या बदलाची तपासणी तुमच्या गालावर होईल.

'कुणाला काय कळतंय' याचं उत्तर तुम्हालाही माहीत आहे. निवडणूक जाहीर झाली की ठाण्यातून निरोप येतो, हत्यार जमा करा. तिथं कंपनी, बोअर, नंबर बघून पावती होते. पाच वर्षांनी नूतनीकरणाला पुन्हा तपासणी. परवान्याला देशपातळीवरचा ओळख क्रमांक आहे, त्याच्यापुढं तुमच्या रायफलीची नोंद आहे. नळीच्या तोंडाला नवे आटे दिसले की ठाण्यातला हवालदारसुद्धा विचारणार, हे कशाला? सायलेन्सर किंवा फ्लॅश हायडर चढवायला, याशिवाय दुसरं उत्तर सापडणं कठीण आहे.

भाच्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचे व्हिडिओ खोटे नाहीत, तिकडं ते चालतं. एआर-१५ मधला 'एआर' म्हणजे आर्मालाइट रायफल, कंपनीच्या नावावरून. या रायफलीची रचनाच सुट्या भागांची आहे आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात नंबर असलेला खालचा सांगाडा, लोअर रिसीव्हर, एवढाच 'बंदूक' धरला जातो. बाकीचे बहुतेक भाग मोटारसायकलच्या ॲक्सेसरीजसारखे घरपोच येतात. साधी रायफल पाचशे-सातशे डॉलरला, चांगला चाप शंभर ते अडीचशे, दस्ता पन्नास ते दोनशे, पुढचं हँडगार्ड आणि रेड डॉट दुर्बीण धरली की वरचा खर्च मूळ रायफलीच्या पुढं सहज जातो. फ्लॅश हायडर तर तिथं वीस-चाळीस डॉलरची किरकोळ वस्तू, अनेक रायफलींना कारखान्यातूनच लावून येते. आपल्याकडं मात्र आवाज किंवा ज्वाळा कमी करणारं कुठलंही साधन शस्त्र नियमांच्या पहिल्याच वर्गात आहे, सायलेन्सरच्या शेजारी. वस्तू एकच, पण विमान बदललं की तिचा वर्ग बदलतो.

तिकडंही सगळं मोकळं नाही बरं का. सोळा इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल आणि सायलेन्सर १९३४ च्या कायद्याखाली नोंदवावे लागतात. त्यावरचा दोनशे डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला, पण नोंदणी राहिलीच. १९८६ च्या मे महिन्यानंतर बनलेली स्वयंचलित बंदूक सामान्य नागरिकाला घेता येत नाही. टेक्सासमध्ये जे चालतं त्यातलं बरंच कॅलिफोर्नियात चालत नाही.

आता एक प्रश्न भाच्याला स्वतः विचारा, आणि सरळ विचारा: तुझ्याकडं ग्रीन कार्ड आहे की एच-१बी? ग्रीन कार्ड असेल तर ठीक. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असेल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणं त्याला बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई आहे. त्याला मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. आपली कितीतरी मुलं तिथं मित्रांच्या नादानं रेंजवर जातात, रायफल घेतात आणि हा नियम त्यांच्या कानावर आलेलाच नसतो. नोकरी, व्हिसा, पुढचं सगळं आयुष्य त्यावर टांगलेलं असतं. तुम्ही मामा आहात. मामानं विचारलेलं त्याला लागणार नाही, आणि लागलं तरी चालेल.

दिवाळीच्या बॅगेचं तर आजच थांबवा. आपल्या कायद्याच्या व्याख्येत 'बंदूक' या शब्दात बंदुकीचे भागही येतात. त्यामुळं चाप आणणं म्हणजे कलम १० खाली परवान्याशिवाय शस्त्र आयात करणं. कुणीतरी तुम्हाला कलम ४५ दाखवेल, किरकोळ सुट्या भागांना सूट आहे म्हणून. आहे. पण ती सूट जे भाग जोडीच्या भागांसोबत वापरायचे नाहीत त्यांनाच आहे. तुमचा चाप रायफलीत बसवायलाच येतोय, म्हणून ती लागू होत नाही. शिवाय तिकडून बंदुकीचे भाग देशाबाहेर न्यायलाही साधारणपणे अमेरिकी सरकारची निर्यात परवानगी लागते. म्हणजे पोरगं एका प्रवासात दोन देशांचे कायदे मोडणार आणि मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेच्या पडद्यासमोर उभं राहणार. बॅगेच्या कप्प्यात रेंजवरचं एखादं काडतूस राहिलं नाही ना, तेही त्याला झटकून बघायला सांगा. एका विसरलेल्या काडतुसापायी लोक विमानतळावरून पोलीस ठाण्यात गेलेत.

मग करायचं काय? हौस वाईट नाही. वडिलांची वस्तू चांगली दिसावी असं वाटणं तर अजिबात वाईट नाही.

रायफल परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं न्या, ज्याच्याकडं दुरुस्तीचा परवाना आहे अशाच कारागिराकडं. तो नळी आतून बघेल, चाप जिथल्या तिथं साफ करेल, गंज असेल तर सांगेल. काम दिल्याची पावती घ्या आणि ती परवान्याच्या पुस्तकासोबत ठेवा. लाकडी दस्त्याला पॉलिश, मागं रबरी गादी, खांद्याला पट्टा यात कुठं कायदा आडवा येत नाही. त्या काळातल्या बऱ्याच .२२ रायफलींना वरच्या बाजूला दुर्बिणीच्या क्लॅम्पसाठी खाचा मुळातच असतात. तुमच्या रायफलीला त्या असतील तर भोक न पाडता साधी दुर्बीण बसते. खाचा नसतील तर ड्रिल मारायचं नाही, दुर्बीण विसरायची. साफसफाईची काठी, ब्रश, तेल हजार-दोन हजारांत, दुर्बीण पाच हजारांपासून पुढं. सगळं मिळून पंधरा हजारांच्या आत नीट होईल. बदल सांगताना स्वतःला एकच विचारा: परवान्यावर लिहिलेली कंपनी, बोअर, नंबर, नळी आणि चालण्याची पद्धत यातलं काही हलतंय का? हलत असेल तर हात मागं घ्या.

उरलेले पंचवीस हजार मी तुमच्या जागी असते तर कोल्हापुरातल्या दुधाळीच्या नेमबाजी रेंजच्या वाटेला लावले असते. हे मी मनापासून सांगते. रायफल आपल्या अंगाला बेतून घ्यायची खरी कला नेमबाजीतच आहे, आणि ती आपल्या जिल्ह्याइतकी कुठं रुजलीय? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं नेम) ४५१.४ गुण मिळवून ब्राँझ आणलं. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. स्वप्नीलच्या प्रकारातली रायफल .२२ चीच असते, तुमच्या वडिलांच्या रायफलीच्या बोअरची, आणि एका वेळी एकच गोळी भरायची. सेमी-ऑटोला तिथं जागाच नाही. पण तिची गालाची पट्टी, खांद्याचा हूक, हाताचा आधार, वजनं, सगळं खेळाडूच्या हाडामासाप्रमाणं मिलिमीटर मिलिमीटर सरकवलेलं असतं. नियम फक्त वजनाची आणि मापांची कमाल मर्यादा सांगतात, ५० मीटरच्या रायफलीला आठ किलो. भाचा दर महिन्याला जे बदलतो त्यापेक्षा कितीतरी बारीक काम आहे हे, आणि यातला एकही बदल लपवावा लागत नाही.

सुरुवात एअर रायफलीनं करा. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअर आणि वीस ज्यूलपर्यंतच्या ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. देशी बनावटीची साधी रायफल काही हजारांत येते. वॉल्थर किंवा फाइनवर्कबाउची मॅच रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते, ती आता नको. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो एकदा डोळ्यासमोर धरून बघा. वडिलांची रायफल रेंजवर न्यायची असेल तर आधी रेंजवाल्यांना विचारा, आणि परवान्यावर कुठल्या भागापर्यंत बाळगायची मुभा आहे ते वाचा.

आणि तुमच्या त्या मित्रालाही घेऊन जा. मिलिमीटरचा शंभरावा भाग ज्याला बोटाला कळतो, त्याचा हात नेमबाजीत पटकन बसतो.

राहिला वडिलांच्या नावाचा प्रश्न. कोरा, जरूर कोरा. लाकडावर, दस्त्याच्या डाव्या बाजूला, जिथं गाल टेकत नाही तिथं. कोरणारा सुतार तुमच्या घरी येऊ दे. दस्ता नळीपासून तुम्ही स्वतः वेगळा करा आणि फक्त लाकूड त्याच्यासमोर ठेवा, बाकीची रायफल कपाटात कुलपात. लोखंडावर मात्र एक अक्षरही नको, नंबराच्या आसपास तर पॉलिश पेपरसुद्धा लावू नका. नंबर पुसट झाला तर तो तुम्हीच घासला असं कायदा आधी धरतो आणि तसं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. गंज चढू नये म्हणून तेलाचा बोळा फिरवायला हरकत नाही.